तिसऱ्या कडव्याचा अभिप्राय

आमडवाडीत समीक्षकाने कवितेतली ओळ खोडली, की त्या ओळीत जे असेल ते कवीच्या घरातून निघून जातं. म्हणून तिथे अभिप्राय वाचनालयाच्या छापील फॉर्मवर, सहीनिशी देतात.

हे काम निवृत्त शिक्षिका मंदाकिनीबाई बिडवई करतात. भीड ही भिकेची बहीण, असं त्या पहिल्याच भेटीत सांगून टाकतात. गेल्या वर्षी त्यांनी एका शिंप्याच्या कवितेतलं चांदणं खोडलं. तेव्हापासून त्याच्या अंगणात काळोख असतो. झोप बरी लागते, हे तोही कबूल करतो.

शनिवारी पोस्टातून निवृत्त झालेले भास्करराव ढवण तीन कडव्यांची कविता घेऊन आले. पहिली दोन बाईंनी बघता बघता खोडली, तशी भास्कररावांच्या घरातून एक वीणा आणि दोन राजहंस गेले. राजहंसांची तशी अडचणच होत होती.

तिसऱ्यावर पेन टेकणार, तोच भास्करराव म्हणाले, "बाई, तेवढं जपून. त्यात आमची कौसल्या आहे."

कौसल्याबाई चार वर्षांपूर्वी वारल्या. 'कमलनयना, चंद्रवदना, बैसलीस माझ्या अंगणी' असं भास्कररावांनी श्रावणात लिहिलं, त्या दिवसापासून त्या अंगणात बसून होत्या. बोलत नव्हत्या. तसं लिहिलेलंच नव्हतं.

"कडवं टाकाऊ आहे," बाई म्हणाल्या. "एवढं जपायचं होतं, तर आणलंत कशाला?"

"ती माझ्याकडे बघते, पण ओळखत नाही. लिहिण्यात काहीतरी चुकलंय."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "डोळे खरंच कमळासारखे होते?"

"छे हो! डाव्यात मोतीबिंदू. चष्म्याची काडी मोडलेली, तिथे दोरी बांधायची."

"आणि स्वभाव?"

"मला यायला उशीर झाला, की दारातच हजेरी घ्यायची."

"मग हे का नाही लिहिलंत?"

"बाई, ह्याची कविता होते?"

"लिहा."

भास्कररावांनी तिथेच, पेपर वाचणाऱ्यांच्या टेबलाशी बसून चार ओळी लिहिल्या. त्या पुऱ्या झाल्यावरच बाईंनी जुनं कडवं खोडलं. मग खात्री करायला दोघं घरी गेले.

कौसल्याबाई दारात उभ्या होत्या. दोरी बांधलेल्या चष्म्यातून त्यांनी नवऱ्याला नीट न्याहाळलं. "वाचनालयातून काय रांगत आलात?"

भास्करराव उंबऱ्यावर बसून लहान पोरासारखे रडले. मग डोळे पुसत म्हणाले, "बाई, आता थांबत नाही. सगळं खरं लिहितो. अगदी शेवटपर्यंत."

शेवटी काय येतं ते बाईंना ठाऊक होतं. त्यांनी कागद पुन्हा वाचला. दोन ठिकाणी लय मोडत होती आणि कडव्याला शेवट नव्हता. चाळीस वर्षांत अपुऱ्या उत्तराला त्यांनी कधी पुरे गुण दिले नव्हते. त्यांनी फॉर्म गुडघ्यावर धरला आणि लिहिलं, 'कविता अपुरी आहे. तशीच ठेवावी.' खाली सही केली.