करड्या चौकोनातली मंडळी

कच्च्या फोटोंची छोटी चित्रं संगणकावर उशिरा उमटतात, याचं कारण त्या फोटोंतल्या माणसांना एका हाकेत येणं प्रशस्त वाटत नाही.

हे मला आधीच माहीत असायला हवं होतं. मी कऱ्हाडच्या कॉलेजात आयुष्यभर भूशास्त्र शिकवलं, दख्खनच्या बेसॉल्टवर प्रबंध लिहिला आणि निवृत्तीनंतर कॅमेरा घेतला. दगडांचे फोटो काढत होतो तोवर काही अडचण आली नाही. दगड लगेच यायचे. माझा संगणक वेगवान आहे, असा माझा समज झाला. माझे बरेच समज असेच झालेले असावेत.

कॅमेऱ्यात फोटो दोन प्रकारे साठवता येतो. पहिल्या प्रकारात उजेड किती, रंग कसा, हे कॅमेराच ठरवून मोकळा होतो. ती माणसं ठरवून झालेली असतात. बोलावलं की येतात. दुसरा प्रकार कच्चा. त्यात कॅमेरा दिसलं ते टिपतो आणि निर्णय पुढे ढकलतो. साहजिकच तो निर्णय फोटोतल्या माणसांकडे जातो, आणि आपल्याकडची माणसं कुठलाही निर्णय घेण्याआधी एकमेकांकडे बघतात.

माझ्या थोरल्या बहिणीचं, आक्काचं, सहस्रचंद्रदर्शन झालं तेव्हा फोटो काढायचं काम मी अंगावर घेतलं. कच्चे फोटो काढले, कारण पुस्तकात तेच उत्तम म्हटलं होतं. कोणी मोबाइलवर फोटो काढू नयेत, गर्दी होते, अशीही विनंती केली. माझ्यासारख्या प्राध्यापकाची विनंती कोणी ऐकेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांनी ऐकली.

दुसऱ्या दिवशी आक्काचा फोन आला.

"वामन, फोटो झाले का?"

"येतायत, आक्का. सावकाश येतायत."

"मला सगळे नकोत. खुर्च्यांवरचा तेवढा दाखव. सिंधू माझ्या शेजारी बसली होती तो."

सिंधूताई ही आमची मधली बहीण, हुबळीला असते. तिच्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रण आक्काला टपालानं गेलं होतं. सख्ख्या बहिणीला घरी येऊन अक्षत द्यायला हवी होती, असं आक्काचं म्हणणं. सख्ख्या बहिणीला कसली अक्षत, असं सिंधूताईचं. आक्का लग्नाला गेली नाही आणि त्यानंतर दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. या वेळी मी स्वतः हुबळीला जाऊन सिंधूताईला अक्षत दिली. ती आली. आक्काच्या शेजारच्या खुर्चीवर एका फोटोपुरती बसली, हातावर चिमूटभर साखर घेतली आणि न जेवता परतीच्या गाडीला गेली.

"मी समोर बघत होते," आक्का म्हणाली. "तूच ओरडत होतास, इकडे बघा, इकडे बघा. मला तिच्याकडे बघताच आलं नाही. ती हसली का, एवढंच मला बघायचंय. हसली असेल तर मी फोन करते."

"आणि नसेल तर?"

"नसेल तर नाही."

मी संगणकासमोर जाऊन बसलो. पडद्यावर करड्या चौकोनांच्या रांगा होत्या. अंगणातली जास्वंद आधीच आली होती. झाडांना मानपान नसतो. लहान मुलं तर बोलवायच्या आधीच आली होती, दोन-तीन चौकोनांत एकदमच. मोठ्यांचे चौकोन करडेच होते.

"या," मी पडद्याला म्हणालो.

माझी बायको कुंदा दारात उभी होती. "अहो, असं 'या' म्हणतात का? दारावर पाटी लावल्यासारखं. आपल्या लग्नात तुम्ही माझ्या मामांना असंच 'या' म्हणालात, ते शेवटपर्यंत पायरीवरच बसले."

"मग काय म्हणू?"

"काही म्हणू नका. माणूस बोलवा."

माणूस म्हणजे शेवाळे. बाजारपेठेत त्याचं संगणकदुरुस्तीचं दुकान आहे. तो आला, चपला दाराबाहेर काढल्या आणि खुर्चीवर बसून चष्मा पुसला.

"घरचे किती, सर, आणि पाहुणे किती?"

"निम्मे निम्मे असतील. नक्की सांगता येणार नाही."

"व्याही?"

"आक्काच्या दोन्ही मुलांचे. दोन्हीकडचे आले होते."

"मग वेळ लागणारच," शेवाळे म्हणाला. त्यानं आधी कार्ड लावायचं यंत्र काढून हातात फिरवलं. "हे जुनं आहे. दार अरुंद आहे. दोघं समोरासमोर आले की 'तुम्ही आधी', 'छे, तुम्ही आधी' चालतं आणि मागची रांग खोळंबते." त्यानं पिशवीतून नवं यंत्र काढून जोडलं. आक्काच्या शेजारपाजारच्या बायका एकदम आल्या.

मग त्यानं छोटी चित्रं साठवायची जागा उघडून बघितली. "हे काय?"

"बेसॉल्ट," मी म्हणालो. "सगळा सह्याद्रीतला आहे."

"सगळ्या जागेवर दगड बसलेत, सर. पाहुणे येऊन बसणार कुठं?"

ही जागा वेळोवेळी रिकामी करायची असते, हे मला ठाऊक नव्हतं. शेवाळेनं विचारलं, उठवू का? मी हो म्हणालो. दगड काही न बोलता उठले. त्याबद्दल मला अजून वाईट वाटतं.

"आणि हे बघा. तुम्ही प्रत्येकाला पूर्ण आकारात बोलावलंय. पूर्ण आकारात यायचं म्हणजे माणूस पदर बघतो, टोपी बघतो. आधी छोट्या आकारात बोलवा. नुसतं तोंड दाखवून जा म्हणायचं. मग लोक येतात."

त्यानं तसं केलं. व्याही आले. कोणी एकदा नाही म्हणून, कोणी दोनदा, पण आले. चहा होईपर्यंत सगळ्या रांगा भरल्या. एक चौकोन तेवढा करडा राहिला. तो खुर्च्यांवरचा होता.

शेवाळेनं संगणक बंद करून पुन्हा चालू केला. मग हेडफोन लावून तो बराच वेळ ऐकत बसला.

"आत मंडळी आहेत," तो म्हणाला. "खुर्च्या सरकवल्याचा आवाज येतोय. मागं उभे आहेत त्यांचे पाय दुखायला लागलेत. पण पुढं दोघी अडून बसल्यात."

"काय म्हणतात?"

"एक म्हणते, मला वामननं बोलावलं. जिच्या घरचं कार्य तिनं नाही बोलावलं. मी आले ती वामनच्या शब्दाखातर. त्याच्या फोटोत मी कशाला दिसू?"

"आणि दुसरी?"

"दुसरी काही बोलत नाही. बांगड्या फिरवतेय."

आक्काला राग आला की ती बांगड्या फिरवते. मी शेवाळेला विचारलं, माझ्या हातून काही चुकलंय का? मी हे साधारण सगळ्यांनाच विचारतो, पण या वेळी त्यानं उत्तर दिलं.

"तुम्ही 'सगळे निवडा'वर टिचकी मारली होती का?"

"हो. सोयीचं असतं."

"म्हणजे सरसकट आमंत्रण. गावजेवणासारखं. आधीच नाराज असलेलं माणूस त्यावर कसं येईल?"

आता मी त्या दोघींना वेगवेगळं निवडू शकतो का, असं मी विचारलं. शेवाळे म्हणाला, ते तांत्रिकदृष्ट्या होतं, पण उपयोग नाही. आत तक्रार माझ्या आमंत्रणाचीच आहे. फाइल तशीच दुसऱ्या संगणकावर नेऊन बघायची का, यावर तो म्हणाला, न आलेल्या माणसाची नक्कल कशी करणार?

शेवटी मी आक्काला फोन केला. ती रिक्षानं आली. कुंदानं तिला हात धरून खुर्चीवर बसवलं. आक्कानं चष्मा पुढे-मागे केला.

"कुठंय?"

"हा करडा," मी म्हणालो.

"ह्यात काय दिसतंय?"

"तू बोलावल्याशिवाय सिंधूताई येणार नाही म्हणते."

आक्कानं बांगड्या फिरवायला सुरुवात केली. शेवाळेनं हळूच हेडफोन कानाला लावला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. आतूनही तोच आवाज येत होता.

"मी मोठी," आक्का म्हणाली. "लग्नाचं बोलावणं तिनं मला टपालानं धाडलं. तिकीट चिकटवून. आणि आता मी तिला पेटीत वाकून बोलावू?"

"वन्सं," कुंदा म्हणाली, "ती हुबळीहून आली. साखर घेऊन का होईना, आली."

"वामन गेला म्हणून आली."

"मग तुम्ही का नाही गेलात?"

"माझ्या गुडघ्यांना हुबळी झेपते का?"

"हे तर टेबल आहे," कुंदा म्हणाली आणि आतून हळदीकुंकवाची कोयरी आणि अक्षता घेऊन आली.

मला वाटलं, मी आक्काला बोलवायला नको होतं. मग वाटलं, बोलावलं नसतं तरी मला हेच वाटलं असतं. शेवाळे घड्याळाकडे न बघता बसला होता. त्याच्या दुकानात हे नेहमीचं असावं.

आक्कानं बोट कुंकवात बुडवलं. "कुठं लावू?"

"मधोमध लावा, मावशी," शेवाळे म्हणाला. "काचेला दाबू नका फार."

तिनं करड्या चौकोनावर कुंकू लावलं. चार अक्षता ठेवायचा प्रयत्न केला, त्या घरंगळून कळफलकात गेल्या.

"सिंधू," ती म्हणाली, "माझ्याकडे कार्य आहे. यायचं."

चौकोन करडाच राहिला.

"नाही म्हणाल्या," शेवाळेनं ऐकून सांगितलं. "गाडीची वेळ झालीय म्हणतात."

"एकदा नाही म्हणायचंच असतं," कुंदा म्हणाली.

"सिंधू, थांब. पुढच्या गाडीनं जा. वामन सोडेल तुला."

मी मान डोलावली. मला गाडी चालवता येत नाही.

"घरी माणसं वाट बघतील म्हणतात," शेवाळे म्हणाला. "पण आवाज जरा खाली आलाय."

आक्का खुर्चीत मागे टेकली. तिनं बांगड्या सोडल्या. मग पुन्हा पुढे वाकली, आणि आता ती आमंत्रण देत असल्यासारखी बोलत नव्हती.

"तू न जेवता गेलीस. तुझ्या वाटणीची सांज्याची पोळी मी काढून ठेवली होती. सगळे विचारत होते, ती कोणाची. मी कोणाला दिली नाही. डब्यात आहे अजून. खराब झाली असेल, पण आहे."

शेवाळेनं हेडफोन काढून ठेवला.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"काही नाही. खुर्ची सरकली."

पडद्यावरचं चाक फिरायला लागलं, थांबलं, पुन्हा फिरलं. मग चौकोन कुंकवाखालून उजळत गेला. आधी मागच्या रांगेतले उंच पुरुष आले, अवघडलेले. मग सुना, मग कोणाच्या तरी कडेवरचं मूल. शेवटी खुर्च्यांची रांग आली. मधल्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या.

शेवाळेनं फोटो मोठा केला. आक्काच्या घराच्या ओसरीमागे स्वयंपाकघराचं दार आहे. ते फोटोत अर्धवट उघडं होतं. आत दिवा लागला होता. दाराच्या फटीत दोन पाठमोऱ्या बायका ओट्याशी वाकलेल्या दिसत होत्या. एकीच्या हातात डबा होता.

"हे मी," आक्का म्हणाली. "माझं लुगडं."

"आणि ही सिंधूताई."

"ते कळलं मला." ती चष्मा काढून पदरानं पुसत राहिली. "तोंड दिसत नाही तिचं."

"अजून मोठं करतो," शेवाळे म्हणाला. "चित्राचे दाणे फुटतील, पण बघू."

"नको. आतलं बोलणं चाललं असेल." तिनं चष्मा पुन्हा लावला. "वामन, तुझा फोन दे."

"ती हसली की नाही, ते कळलं नाही ना, आक्का."

"म्हणून तर विचारायचंय. दे इकडे."

मी फोन लावून दिला. हुबळीला घंटा वाजत राहिली. आक्कानं फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला होता. कुंदा पुन्हा चहा ठेवायला आत गेली.

मी शेवाळेला हळू आवाजात विचारलं, मधल्या दोन खुर्च्या रिकाम्या दिसतात, ते बरं वाटत नाही. तेवढा भाग कापून फोटो जुळवून घेता येईल का?

त्यानं माझ्याकडे बघितलं. "कापू नका, सर. दोघी बाहेर आल्या तर बसतील कुठं?"

"सिंधू का? मी बोलतेय," आक्का म्हणाली.

मी फोटो आहे तसाच ठेवला. मागच्या रांगेतल्या लोकांना, पाय दुखत असतील तर खाली बसा, असंही सांगून बघितलं. त्यांनी नको नको म्हटलं.