मुकादमचाचांचा पाक

मुकादमचाचा आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी दारात चपला काढल्या, आम्हा दोघांना सलाम केला आणि कुणी 'बसा' म्हणायच्या आत थेट स्वयंपाकघरात जाऊन सिंकखालच्या पाइपला कान लावला. आम्ही नवरा-बायको बघत राहिलो. सामानाचे खोके अजून सुटायचे होते. दोन मिनिटांनी चाचा उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "श्वास मोकळा आहे. घर मुबारक असो." मग त्यांनी चकचकीत कागदात गुंडाळलेली भेट दिली. वर पेरूच्या वड्यांचा डबा होता आणि खाली सिंकच्या तोंडावर बसवायची स्टीलची बारीक जाळी.

पनवेलजवळच्या विचुंब्यात तेव्हा नव्या इमारती भराभर उठत होत्या. आमची चार मजल्यांची. आम्ही तिसऱ्यावर, चाचा तळमजल्यावर, एकटे. बावीस वर्षं ते कुवेतला होते. 'मेंटेनन्स सुपरवायझर' हे शब्द ते असे उच्चारायचे की ऐकणाऱ्याने बसल्या जागी पाठ सरळ करावी. तिथलं ऑफिस, तिथला एसी, तिथली फिरती खुर्ची, सगळं आमच्या बिल्डिंगमध्ये पाठ झालं होतं. कायमचे परत आले आणि दोन वर्षांत जुबेदाचाची गेल्या. तेव्हापासून चाचांना दोनच उद्योग उरले. फळांची मिठाई करायची आणि आम्हा सगळ्यांच्या मोऱ्यांवर पहारा ठेवायचा.

लोक एकमेकांना 'जेवण झालं का' विचारतात. चाचा विचारायचे, "पाणी नीट जातंय ना?" दुसऱ्या मजल्यावरचे कुलकर्णी प्रोस्टेटचं ऑपरेशन करून घरी आले, तेव्हाही चाचांनी जिन्यात हेच विचारलं. कुलकर्णी गहिवरून म्हणाले, "आता जातंय हो." चाचा खूश होऊन खाली गेले. दोघांचाही गैरसमज आजतागायत कुणी दूर केलेला नाही.

त्यांचा मंत्र एकच होता, 'वरच अडवा'. चहाचा चोथा कुंडीत. कढईतलं तेल आधी कागदाने पुसायचं, मग कढई घासायची. तूप कितीही गरम असलं तरी मोरीत नाही, कारण ते दुसऱ्या मजल्यापर्यंत तूप असतं आणि तळमजल्यावर येऊन मेणबत्ती होतं. केसांचा गुंता दिसला तर चाचांचा चेहरा मयतीला आल्यासारखा व्हायचा. दर रविवारी सकाळी प्रत्येक घराने खायचा सोडा टाकून वर किटलीभर गरम पाणी ओतायचं, असा त्यांचा हुकूम होता. कोण ओततं आणि कोण नुसतं 'हो हो' म्हणतं, हे त्यांना खाली पाइपाला कान लावून कळायचं.

मला हा माणूस सुरुवातीला छळवादी वाटे. मी शाळेत मराठी शिकवते. दिवसभर दुसऱ्यांना शिस्त लावून घरी यावं आणि जिन्यातच कुणीतरी आपल्याला शिस्त लावावी, हे मला मुळीच मानवत नव्हतं. नंतर लक्षात आलं की वरच्या कुणीही काहीही ओतलं आणि खालचा गटाराचा चेंबर तुंबला, तर ते पाणी वर येतं चाचांच्याच मोरीतून. आमच्या निष्काळजीपणाचा पत्ता त्यांचं स्वयंपाकघर होता. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. ते आपले वड्या वाटत राहिले.

आणि वड्या काय असायच्या. पेरू, चिकू, पपई, उन्हाळ्यात आंब्याची साठं. चाचा कढईलाही कान लावायचे, तोंडाला वाफ लागेल इतक्या जवळून. "बुडबुड्यांचा आवाज जाड झाला की उतरवा," म्हणायचे. पेरूची वडी मात्र त्यांच्या मनासारखी होत नसे. आम्ही बोटं चाटत असू आणि ते मान हलवत असत. जुबेदाचाचींची वडी दाताखाली क्षणभर थांबायची आणि मग विरघळायची, म्हणे. चाचा सुट्टीवर यायचे ते बॅगेत फ्रूट कॉकटेलचे डबे घालून, लेकीसाठी. शाहीन ते डबे निमूट कपाटात ठेवायची. तिला आवडायची आईची पेरूची वडी. हे चाचांना कळलं ते चाची गेल्यावर, कपाटाच्या तळाशी न उघडलेले अकरा डबे निघाले तेव्हा.

शाहीन लग्न होऊन रोडपालीला होती. रिक्षाने अर्ध्या तासाचं अंतर. ईदला यायची, पर्स मांडीवर ठेवून बसायची, पंधरा मिनिटांत उठायची. भांडण काहीच नव्हतं. बाप दोन वर्षांतून एकदा महिनाभर दिसलेला, त्याच्याशी बोलायचं काय, हा तिचा प्रश्न असावा. चाचांचाही तोच. त्यांनी तिला पाइपाविषयी विचारलं असेल, दुसरं काय विचारणार.

त्या वर्षीच्या थंडीत तिचा नवरा कामाला बाहेरगावी गेला होता आणि तिने स्वतःहून फोन केला. रविवारी येते, जेवते, राहते. चाचांनी हे मला चार वेळा सांगितलं आणि चारही वेळा 'राहते'पाशी थांबले. आठवडाभर त्यांनी पेरूच्या वड्यांचे तीन घाणे काढले. शनिवारी दुपारी चौथा काढला आणि तो जमला. मी चाखला. क्षणभर थांबला आणि विरघळला.

माझ्या अंगात तेव्हाच संचारलं. आमच्या यांच्या मित्राने पोतंभर पेरू पाठवले होते. म्हटलं, आपणही करू. संध्याकाळी चाचांना फोन लावला. ते पनवेलच्या बाजारात कोंबडी घेत होते. मागे कोंबड्यांचा कलकलाट, वर हॉर्न. चाचा ओरडून सांगत होते, "पहिलं भांडं पाक करा, ताई. घाई नको. मग गर टाका, त्याच्या बरोबरीने साखर. आटलं की परत सगळं पाक करा. मग थापा."

मी वहीत लिहिलं. एक, पाक. दोन, गर आणि साखर. तीन, परत पाक.

म्हणजे साखरेचा पाक केला, त्यात गर घातला, वर साखर घातली आणि ते आटल्यावर दुसऱ्या गॅसवर आणखी एक पाक करून त्यात ओतला. जे तयार झालं त्याने रस्ता करता आला असता. उलथनं उभं राहिलं आणि हलेना. मी चिडले. अर्धी वाटी तूप घालून पाहिलं, उकळतं पाणी घालून पाहिलं आणि शेवटी तो सगळा चिखल, चाळणीतल्या पेरूच्या बियांसकट, सिंकमध्ये ओतला. पाणी तुंबलं. तेव्हा मी जाळी काढली. हे वाक्य लिहिताना आजही मला लाज वाटते. जाळी काढली, आणखी एक पातेलं गरम पाणी ओतलं आणि सगळं निघून गेल्याचं पाहून हुश्श केलं.

रविवारी सकाळी खालून आरडाओरडा ऐकू आला म्हणून गेले. चाचांच्या मोरीतून काळं पाणी वर येत होतं. स्वयंपाकघर घोटाभर भरलं होतं. वड्यांचं ताट रात्रभर गार व्हायला खाली पाटावर ठेवलेलं, ते पाण्यात गेलं होतं. चाचा नवा इस्त्रीचा कुर्ता घालून मधोमध उभे होते.

बिल्डिंगचे सेक्रेटरी म्हात्रेशेठ. बिल्डिंग उभी होती ती जमीन मुळात त्यांची. त्यांनी प्लंबरला फोन लावला आणि ठेवला. "तो उलव्याला हाय कामावर. संध्याकाली येतो बोलला."

शाहीन अकराला येणार होती. चाचांनी घड्याळ पाहिलं. मग कुर्ता काढून खुंटीला लावला, लुंगी कमरेला खोचली आणि बाहेर चेंबरपाशी गेले. इतकी वर्षं आम्ही त्यांच्या तोंडून नुसत्या सूचना ऐकल्या होत्या. सुपरवायझर माणूस, हाताने काय करणार. त्यांनी एका हिसक्यात झाकण उचललं, जमिनीवर पोटावर आडवे झाले आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. डोळे मिटलेले. तोंडाने पुटपुटत होते, "बेंड इथे... पुढे गाठ आहे." बांबूची लांब पट्टी मागितली, ती अशी फिरवली की आतलं पाणी गुरगुरलं. हे काम त्यांच्या हाताला पाठ होतं, बघणाऱ्या कुणालाही समजावं इतकं.

तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली. शाहीन उतरली आणि तिथेच उभी राहिली.

चाचांनी तिला पाहिलं नाही. त्यांनी हात बाहेर काढला. मुठीत तपकिरी, चिकट गोळा आणि त्यात भरलेल्या पेरूच्या बिया. म्हात्रेशेठ खवळले. "ह्या बिया कुनाच्या? आमी काय येडे हाय काय, रोज चेंबर उघडायला? तुमी लोक आयकतच नाय."

चाचांनी गोळा नाकाशी नेला आणि एकदा वर, तिसऱ्या मजल्याकडे पाहिलं. मी त्यांच्यापासून चार हातांवर होते आणि मी नजर जमिनीकडे वळवली.

"माझ्याच," चाचा म्हणाले. "आठवडाभर मीच करतोय ना वड्या."

कुणीतरी मागे हसलं. चाचांनी मान वळवली आणि त्यांना लेक दिसली. तो चेहरा मी विसरणार नाही. त्यांनी घाण लागलेला हात पाठीमागे लपवला, चोरी पकडल्यासारखा. शाहीन त्यांच्या शेजारून आत निघून गेली. मला वाटलं, संपलं. आता पर्स उचलून पंधरा मिनिटंसुद्धा थांबायची नाही ही.

ती पाच मिनिटांनी बाहेर आली. ओढणी कमरेला बांधलेली, सलवार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात गरम पाण्याची बादली. "कुठे ओतू, अब्बा?" तिने विचारलं.

दुपारी तीनपर्यंत दोघं बापलेक राबत होती. मी चौथ्यांदा जिना उतरून फडकं घेऊन गेले, तेव्हा शाहीनने मला हाताने थांबवलं आणि म्हणाली, "आम्ही करतो, ताई."

संध्याकाळी मी कबुली द्यायला गेले. आयुष्यभर मुलांना 'खरं बोला' सांगितलं आणि स्वतःची वेळ आली तेव्हा गप्प उभी राहिले, याची टोचणी दिवसभर होती. चाचांनी अर्धवट लोटलेलं दार उघडलं. मी वहीचं पानच त्यांच्यापुढे धरलं. एक, पाक. तीन, परत पाक. चाचा वाचत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. तोंडावर पंचा दाबून ते हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"ताई, पाक म्हणजे स्वच्छ. साफ-पाक. आधी भांडं, मग थापायचं ताट धुऊन घ्या म्हणत होतो मी."

"मी मराठीची शिक्षिका आहे, चाचा. माझ्यासाठी पाक म्हणजे साखर."

"मग मी कुठे खोटं बोललो? बिया माझ्याच शब्दाच्या."

मी विचारलं, "तुम्हाला सकाळीच कळलं होतं ना, माझं आहे ते?"

"तूप होतं त्यात. पेरूत मी तूप घालत नाही." ते पंच्याने डोळे पुसत उंबऱ्यापाशीच बसले. मीही पायरीवर टेकले. ते हळू आवाजात म्हणाले, "ऑफिस नव्हतं, ताई. खुर्ची नव्हती. बावीस वर्षं लोकांचे चेंबर उपसले. पोरीला शाळेत विचारायचे, वडील काय करतात. मी म्हटलं, हे कशाला सांगायचं तिने."

"आज विचारलं का तिने?"

"विचारलं. अब्बा, हे शिकलात कुठे. सांगून टाकलं."

"मग काय म्हणाली?"

"काही नाही." चाचांनी आपले दोन्ही हात समोर धरले. सुरकुतलेले, लाल झालेले, स्वच्छ. "मला मोरीवर बसवलं. साबण लावून हे धुतले तिने. एकेक बोट. तीन वेळा."

मी जरा मोठ्याने म्हटलं, "चाचा, मला माफ करा."

त्यांनी घाईघाईने ओठांवर बोट ठेवलं आणि आतल्या बंद दाराकडे पाहिलं.

"हळू, ताई. आत झोपलीय."