सातव्या पेशीची सुट्टी

सूक्ष्मदर्शकातून येणारे फोटो संस्थेच्या प्रतिष्ठेस शोभत नाहीत, असा निष्कर्ष गुणवत्ता समितीने एकमताने काढला. फोटो दाणेदार होते, धूसर होते आणि त्यांतल्या यीस्टच्या पेशी, समितीच्या शब्दांत, "बेशिस्तपणे विखुरलेल्या" होत्या.

संशोधिकेने बाजू मांडली. पेशी जिवंत आहेत. प्रकाश वाढवला तर मरतात, कमी ठेवला तर फोटो दाणेदार येतो. विभागप्रमुखांनी हे सहानुभूतीने ऐकले आणि तिला कायम करण्याचा प्रस्ताव पुन्हा बाजूला ठेवला. स्वच्छ फोटो नाही तर शोधनिबंध नाही, निबंध नाही तर कायम नोकरी नाही. कित्येक वर्षे ती हंगामीच होती. आई फोनवर विचारायची, "अगं, तुझ्या त्या पेशी एकाच्या दोन, दोनाच्या चार झाल्या. तू कायम कधी होणार?"

तेव्हा यंत्र आणले. त्याला भरपूर उत्तम फोटो दाखवायचे, म्हणजे चांगला फोटो कसा असतो हे ते आपले आपण शिकते आणि मग कुठलाही खराब फोटो सुधारून देते. उत्तम फोटो आणायचे कुठून, यावर बराच खल झाला. शेवटी भांडारपालांच्या खोलीत संस्थेची वर्षानुवर्षे उरलेली कॅलेंडरे सापडली. प्रत्येक पानावर वर पेशींचे देखणे चित्र, खाली महिना. चित्रे कापून घेण्याची नियमात तरतूद नव्हती, म्हणून पाने अख्खीच यंत्राला दाखवली.

सुधारलेला पहिला फोटो बाहेर आला आणि समितीचे डोळे दिपले. पेशी कवायतीला उभ्या केल्यासारख्या ओळीत, आणि दर सातवी पेशी लालभडक.

"सर, हे काय आहे?" संशोधिकेने विचारले.

"हा शोध आहे," विभागप्रमुख म्हणाले.

निबंध छापून आला. सजीवांतला दर सातवा घटक निसर्गतः विश्रांती घेतो, असे त्यात सिद्ध केले होते. टाळ्या झाल्या, सत्कार झाला, कायम करण्याचा प्रस्ताव चक्क एक टेबल पुढे सरकला. संशोधिका इतकी आनंदली, की जिन्यात कुणी नाही असे बघून तिने दोन गिरक्या घेतल्या.

पण माशी शिंकायची ती शिंकलीच. एकदा चुकून रिकाम्या काचेचा फोटो यंत्रात गेला. यंत्राने त्या काचेवरही एकतीस पेशी दाखवल्या, चार लाल. समोरच्या भिंतीवर चालू महिन्याचे पान होते. संशोधिकेने त्यावरचे काळे-लाल आकडे बोटाने मोजले आणि विभागप्रमुखांकडे धाव घेतली.

"सर, यंत्र रविवार शिकलंय!"

"पुरावा?"

तिने मूळ, न सुधारलेला फोटो पुढे केला. विभागप्रमुखांनी तो दोन बोटांच्या चिमटीत धरला. "असला गलिच्छ फोटो समितीपुढे ठेवता येत नाही. आधी स्वच्छ करून आणा."

स्वच्छ करून आणला. दर सातवी पेशी लाल.

"बघा," ते मायेने म्हणाले, "तुमच्याच पुराव्यानं तुम्हाला खोटं पाडलं."

"मग तुम्ही स्वतः सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बघा ना, सर!"

"अहो मॅडम, बघायला लागू नये म्हणून तर यंत्र घेतलंय."

आधी कायम होऊ, मग खरे बोलू, असे तिने ठरवले.

इकडे संचालकांना हा शोध फारच आवडला. निसर्गाचा नियम संस्थेला लागू का नसावा? आदेश निघाला: नव्या कॅलेंडरसाठी सर्व कर्मचाऱ्यांचा एका रांगेत फोटो काढून तो यंत्राकडून स्वच्छ करून घेण्यात येईल. जे लाल दिसतील त्यांना विश्रांती देण्यात येईल. विश्रांतीस मुदत नसेल.

फोटोच्या दिवशी अंगणात नुसती झुंबड उडाली. यंत्रावर कुणाचाही अविश्वास नव्हता, त्यामुळे जो तो ओठ हलवत मोजत होता. हिशेबनीस टायपिस्टला कोपराने ढकलत होता. विभागप्रमुख रांगेचे पहिले टोक दोन्ही हातांनी धरून उभे होते. संशोधिका आठवी होती. सातवी जागा मात्र कुणी घेईना. तेवढ्यात भांडारपाल आले. त्यांना यातले काहीच माहीत नव्हते.

"काका, इथे या ना," संशोधिका गोड आवाजात म्हणाली, "इथे उजेड छान आहे."

काका हरखून उभे राहिले. कॅमेऱ्याचा खटका दाबला आणि नेमक्या त्याच क्षणी काका दणकून शिंकले.

फोटो स्वच्छ होऊन आला. काका हलले होते, धूसर आले होते. यंत्राने त्यांना डाग समजून पुसून टाकले आणि रांग नीट जुळवून घेतली. सातव्या जागी, केसांपासून चपलांपर्यंत लालबुंद, संशोधिका गालात हसत उभी होती.

"हा अन्याय आहे! सातवे काका होते!" ती ओरडली.

"कोण काका?" समितीने फोटो बघून विचारले. काका शेजारीच उभे होते, नाक पुसत. फोटोत नसल्यामुळे त्यांना काढता येईना, आणि त्यांची नोकरी वाचली.

तिने जाताना सगळे खरे सांगितले, अगदी घसा फोडून. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या आणि नव्या कॅलेंडरची आपापली प्रत घेतली.

तुम्हाला हसू येतंय? येऊ द्या. फक्त हसता हसता आपल्या रांगेत डावीकडून एकदा मोजून घ्या. आठवे निघालात, तर सातव्या जागेवर ज्याला प्रेमाने बोलावून उभे केलेत, त्याला सर्दी नाही ना, तेवढे विचारून ठेवा.