दुपारी आखडणारे बूट

"मराठवाड्यात नजर दोघांचीच. एक घारीची, एक माझी. घारीला नुसता उंदीर दिसतो, मला उंदराचा हेतूपण दिसतो."

अहमदपूरचे गुरुपादप्पा स्वतःची ओळख अशी करून देत. 'हेतू' हा शब्द आला की शिवप्पाची मान आपोआप डोलायची. तीस वर्षं तो अप्पांसोबत शेताची मोजणी करताना साखळीचं दुसरं टोक धरून बांधाबांधानं हिंडला होता. निवृत्त झाल्यावर अप्पा गुप्तहेर झाले. शिवप्पाला कुणी विचारलं नाही. तो सहायक झाला.

अप्पांची एक पद्धत होती. दुपारी बारानंतर ते चपला काढून अनवाणीच विचार करत. "तळव्याला जमीन लागली की डोकं चालतं," ते म्हणत. शिवप्पा ऐकून घेई. ऐकून घेणं हेच त्याचं काम होतं.

त्या मंगळवारी उज्वला मॅडम आल्या, त्या थैलीत तीन जोड बूट घेऊन. मुलींच्या शाळेत त्या खेळ शिकवायच्या.

"अप्पा, माझे बूट दुपारी आखडून राहिलेत."

अप्पा ताठ बसले. अशी फिर्याद त्यांच्याकडे प्रथमच आली होती.

येत्या रविवारी लातूर ते नांदेड सायकलफेरी होती. गेल्या वर्षी मॅडम अहमदपूरपर्यंत मजेत आल्या. लोहा येईतो बोटांची आग आग झाली, मग बोटं बधिर पडली, आणि सायकलीसकट त्या टेम्पोतून नांदेडला पोचल्या. यंदा शाळेतल्या बावीस मुलींना सायकल पथक काढायचं होतं. हेडमास्तर म्हणाले होते, "आधी तुम्ही टेम्पोशिवाय नांदेड गाठा, मग मुलींचं बघू."

"पाय माझे रुंद आहेत," मॅडम म्हणाल्या. "सासूबाई म्हणतात, भाकरीसारखे. पण दुकानात प्रत्येक जोड नीट बसतो अन् दुपारी दोनला चावतो. एक नंबर मोठा घेऊन पाहिला, तर टाच मागून निघते आणि पुढं चावायचं ते चावतंच."

अप्पांनी डोळे मिटले. "ऊन. चामडं उन्हानं आखडतं. शिवप्पा, गच्चीवर."

शिवप्पा दिवसभर गच्चीवर बुटांशेजारी बसला आणि दर अर्ध्या तासाला पट्टी लावत राहिला. बूट होते तेवढेच राहिले. शिवप्पा मात्र आखडला.

बुधवारी दुसरा तर्क निघाला. "अदलाबदल. मधल्या सुट्टीत कुणीतरी तसलेच पण लहान बूट ठेवून जातंय." अप्पांनी बुटांच्या आत खडूनं मोजणीची खूण केली. संध्याकाळी खूण जागच्या जागी होती.

"म्हणजे अदलाबदल न्हाई," शिवप्पा म्हणाला.

"म्हणजे चोर हुशार आहे. खुणेची नक्कलपण करतो."

शुक्रवारी संशय माणिकप्पाच्या बुटांच्या दुकानावर गेला. अप्पांचा नियम होता, गिऱ्हाईक व्हावं तर बोहणीचं. दिवसाच्या पहिल्या गिऱ्हाइकाला दुकानदार नाही म्हणत नाही, वर सवलत देतो. मॅडमनीही तिन्ही जोड तिथूनच, बोहणीलाच घेतले होते. सकाळी उदबत्तीचा धूर जायच्या आत तिघं दुकानात हजर झाले. चौथा जोड लांबीला अगदी बरोबर बसला.

"जरा दाबल्यासारखं..." मॅडम म्हणाल्या.

"सैल पडंल की," माणिकप्पा म्हणाला. "बोहणी हाय मॅडम, रिकाम्या हातानं जाऊ नका."

दुपारी दोनला चौथा जोडही चावला.

मॅडम अप्पांच्या ओसरीवर बसल्या आणि हळूच बूट काढले. "राहू द्या अप्पा. मी आजच मुलींना सांगून टाकते." त्यांचा आवाज इतका शांत होता, की शिवप्पाला वाटलं, त्यांनी रडलं असतं तर बरं झालं असतं.

चहा घेऊन आलेल्या अप्पांच्या पत्नी महादेवी काकूंची नजर मॅडमच्या पायावर गेली. "मॅडम, जोडवी काढून दाखवा बरं."

मॅडमनी ओढून पाहिली. जोडवी हलेनात.

"सकाळी निघतात?"

"हो, सहज."

"मग बूट आखडला का पाय फुगला? दिवस चढला की पाय फुगतोय. मी जोडवी घासायची तर पहाटंच काढते. दुपारी साबण लावला तरी न्हाई निघत. अन् तुम्ही बोहणीला पाय मोजून घेता." काकू नवऱ्याकडं वळल्या. "तुम्ही जल्मभर शेताची लांबी-रुंदी मोजली. बुटाची नुसती लांबीच विचारली व्हय?"



"मी याच निष्कर्षाकडे निघालो होतो," अप्पा म्हणाले.

"व्हय," शिवप्पा म्हणाला. "फक्त उदगीरचा वळसा घालून."

संध्याकाळी सहाला काकूंसह चौघं पुन्हा दुकानात गेले. मॅडम कागदावर दोन्ही पाय टेकून उभ्या राहिल्या. शिवप्पानं पेन्सिलीनं रेघ ओढून पावलं कापून घेतली आणि एकेका बुटात घालून पाहिली. बायकांच्या सगळ्या बुटांत कागद कडेनं दुमडला. शेवटी कडक तळाच्या, पुढून ऐसपैस अशा एका जोडात तो सपाट बसला.

"ह्यो पुरुषांचा हाय," माणिकप्पा कुरकुरला.

"पायानं विचारलं का?" काकू म्हणाल्या.

रविवारी दुपारी दोनला लोह्याच्या रस्त्याकडेला अप्पा आणि शिवप्पा उभे होते. टेम्पोही उभा होता. उज्वला मॅडम आल्या, हात हलवला आणि थांबल्याच नाहीत. अंधार पडायच्या आत नांदेडहून फोन आला: पोचले, बोटं जागेवर आहेत, दहाच्या दहा.

सोमवारी संध्याकाळी सहाला माणिकप्पाच्या दुकानासमोर बावीस मुली हातात कागदी पावलं घेऊन रांगेत उभ्या होत्या. शिवप्पा बघायला गेला, तर रांगेत तेविसावं माणूस होतं. अनवाणी. हातात रुंद कागदी पावलं.

"अप्पा, तुमच्या चपला तर सगळ्या बोहणीच्या," शिवप्पा म्हणाला.

अप्पांनी बारा वाजताच पायातून काखेत गेलेल्या चपलांकडे पाहिलं.

"तीस वर्षं," ते म्हणाले, "मला वाटायचं, मी विचार करतोय."