हाजीसाहेबांची शेरवानी

"पिशवी कुठली दिलीस?" वाजिद मास्तरांचा आवाज इतका चिरका निघाला, की दुकानाच्या पायरीवर बसलेली शेजाऱ्यांची बकरी दचकून उठली.

"तुम्हीच म्हणालात ना, जुने कपडे पुतळ्यासाठी द्या म्हणून? खुंटीवरची पिशवी दिली," त्यांची बायको नुसरत म्हणाली.

"अगं, जुने कपडे खालच्या खुंटीला! वरच्या खुंटीला हाजी तौफीकची शेरवानी होती!"

नुसरतनं कपाळाला हात लावला.

हाजी तौफीक वॉर्डाचे नगरसेवक. आज संध्याकाळी, मगरिबच्या नमाजेनंतर, त्यांच्या मुलाचा निकाह होता. आणि आजच, जुम्म्याची नमाज झाल्याबरोबर, सारा मोहल्ला त्यांचा पुतळा जाळणार होता. भांडण गटाराचं. ते मशिदीच्या दारातच तुंबलं होतं. घरून वजू करून निघालेला माणूस मशिदीत पोचेपर्यंत पुन्हा पाय धुवायच्या लायकीचा होई. तक्रार घेऊन जावं तर हाजीसाहेब हसून म्हणत, "इन्शाअल्लाह, करू." पावसाळा गेला, हिवाळा गेला, गटार होतं तिथंच राहिलं.

मास्तर अनवाणीच पळाले.

चौकात हातगाडीवर पेंढ्याचा पुतळा उभा होता. अंगात मोतिया शेरवानी, सोनेरी बटणं, आणि एवढ्या मोठ्या पोटावर एक सुरकुती नाही. तशा अवस्थेतही मास्तरांना क्षणभर स्वतःच्या हाताचा अभिमान वाटला. मग त्यांना रॉकेलचा वास आला.

"हाजी तौफीक!" रुकय्या खाला ओरडल्या. यंत्रमागांच्या खडखडाटात जन्म गेल्यामुळे त्यांना हळू बोलता येतच नसे.

"हाय हाय!" गर्दी गरजली.

"खाला, थांबा! जाळू नका!"

"का रे? हाजीचा पुळका आला?"

खरं सांगावं, तर ते हाजीच्या कानावर जाणार आणि शिलाईचं दुकान बसणार. मास्तरांनी दुसरी वाट धरली. "पुतळा करणं आपल्या धर्मात बसतं का? मौलानांना विचारा!"

मौलानांनी दाढी कुरवाळली. "नाहीच बसत. करण्याआधी विचारायचं होतंत. आता केलाच आहे, तर लवकर नाहीसा केलेला बरा."

"ऐकलंस? आण रे काडी!"

मास्तरांनी हातगाडीवर उडी घेतली, पुतळ्याला मिठी मारली आणि बटणं सोडायला लागले. मेली ती बटणं त्यांनी स्वतःच घट्ट लावली होती.

"मास्तर हाजीला उघडं पाडतायत!" कुणीतरी ओरडलं.

"पाडा! पाडा!" टाळ्यांचा कडकडाट झाला. शेवटचं बटण निघालं, तेव्हा पुतळा नुसत्या पेंढ्यावर होता आणि शेरवानी छातीशी धरलेले मास्तर लोकांच्या खांद्यावर.

तेवढ्यात पांढरी गाडी आली. शेरवानी न्यायला हाजीसाहेब स्वतःच निघाले होते. खाली उतरले ते थेट गटाराच्या पाण्यात.

"मास्तर," शेरवानीकडे बोट दाखवत ते म्हणाले, "ही माझी..."

माफी मागायला मास्तरांनी तोंड उघडलं. पण खांद्यावरून त्यांना सगळा चौक दिसत होता. वर बघणारे चेहरे दिसत होते, आणि एका हातानं पायजमा वर धरून उभे असलेले हाजीसाहेबही. आयुष्यात पहिल्यांदा ते मास्तरांकडे मान वर करून बघत होते.

"तुमचीच, साहेब. शिवून तयार आहे," मास्तर म्हणाले. "इन्शाअल्लाह, देऊ."

"देऊ म्हणजे कधी? वऱ्हाड निघायचंय!"

"गटार वाहायला लागलं की."

रुकय्या खाला एवढ्या जोरात हसल्या, की हाजीसाहेबांना फोनवर दोनदा ओरडून सांगावं लागलं. दुपार कलताना असरची अजान होते, ती व्हायच्या आत गाळ उपसायची गाडी आली. हाजीसाहेब स्वतः उभे राहून माणसांना घाई करत होते. पाणी खळखळून वाहिलं, तेव्हा मास्तरांनी शेरवानी झटकली, पेंढ्याच्या काड्या वेचल्या, इस्त्री फिरवून अदबीनं पेश केली. निकाहात सगळ्यांनी तिची तारीफ केली. रॉकेलच्या वासावर हाजीसाहेबांनी अर्धी बाटली अत्तर ओतलं होतं.

दुसऱ्या दिवशी मास्तर दुकान उघडायला आले, तर पायरीवर शेजारच्या वॉर्डातली चार प्रतिष्ठित माणसं ताटकळत बसलेली.

"मास्तर, आमचा रस्ता पार उखडलाय," त्यातले वडीलधारे अगदी हळू आवाजात म्हणाले. "पण आमचा नगरसेवक रेडीमेड घालतो हो. आम्ही काय करायचं?"