माफीसाठी राखीव भिंत

हॅम्बर्गमधल्या एका चर्चने माफी मागायचं ठरवलं. शंभरेक वर्षांपूर्वी त्यांच्या एका पाद्र्याने जव्हारजवळच्या वारली पाड्यात घरोघरी भिंतींवर लिहिलेल्या लग्नाच्या चौकांवर, म्हणजे देवीच्या चित्रांवर, चुना फासला होता. हे नुकतंच उघडकीला आलं आणि चर्चच्या समितीला फार वाईट वाटलं. तेव्हा त्याच पाड्यातली चित्रकार ऊर्मिला वांगड हिला बोलावण्यात आलं. तिने चर्चच्या दर्शनी भिंतीवर पालघट देवीचा चौक लिहायचा, म्हणजे समेट पूर्ण, असा ठराव झाला.

दुभाषी होती चारुलता. मूळची पुण्याची, इथे सॉफ्टवेअरमध्ये, शिवाय मराठी मंडळाची सचिव.

ऊर्मिलाने तांदळाचं पीठ कालवलं, तोच समितीच्या अध्यक्ष फ्राऊ लिंडेनाऊ छत्री सावरत आल्या.

"ही भिंत डेंकमालशुट्झमध्ये येते," चारुलताने भाषांतर केलं. "संरक्षित वारसा. रंग लावता येणार नाही म्हणतात."

"आमच्या भिंती संरक्षित नव्हत्या," ऊर्मिला म्हणाली.

"त्याचीच तर माफी मागतोय!" फ्राऊ लिंडेनाऊ कळवळल्या.

मग प्लायवूडचा मोठा फळा आणला गेला. ऊर्मिलाने तो गेरूने सारवला. पाड्यातल्या म्हाताऱ्या बायांना फोनवर विचारत विचारत तिने पुसला गेलेला चौक पुन्हा उभा केला. बायांना तो डोळ्यांनी पाहायचा होता. "फोटो कधी धाडतेस?" असा रोज फोन यायचा.

फळा आत ठेवला तर आणीबाणीची वाट अडत होती. बाहेर हिरवळीवर ठेवला, तर समोरच्या गृहस्थांनी विनापरवाना जाहिरात म्हणून तक्रार केली. चित्र रस्त्यावरून दिसता कामा नये, असा तोडगा निघाला. फळा उलटा करून, चित्राचं तोंड भिंतीकडे करून टेकवण्यात आला.

"गेनाऊ! अगदी बरोबर!" चर्चचे पास्टर खूश झाले. "आता चित्र थेट चर्चशी बोलतंय."

उद्घाटनाला पाहुण्यांनी प्लायवूडच्या पाठीपुढे माना झुकवून मौन पाळलं. एक बाई रडल्या. स्थानिक वर्तमानपत्राने मांडणीतल्या संयमाचं कौतुक केलं.

"मी फोटो कसला पाठवू?" ऊर्मिलाने विचारलं.

"मागून काढा," पास्टर म्हणाले. "भावना पोहोचेल."

चारुलताचं डोकंच फिरलं. "किती हा दांभिकपणा! चल गं, आपल्या माणसांत चल." तिने गाडी मागवून फळा मंडळाच्या हॉलमध्ये नेला.

तिथे चित्र सुलटं लागलं. दिवे लावले गेले, सेल्फी निघाले. मंडळाचे अध्यक्ष उल्हासराव तर भारावून गेले.

"जव्हारला आमचंही सेकंड होम आहे," ते म्हणाले. "तिथल्या कंपाउंडवर असंच काहीतरी काढून देशील?"

"जव्हारला कुठे?"

त्यांनी फोनवर नकाशा दाखवला. ऊर्मिलाने दोन बोटांनी तो मोठा केला.

"हा तर आमचा पाडा. इथूनच आम्हाला उठवलं."

"पाडा पूर्वी होता. आता ग्रीन व्हॅली."

चारुलताने तिच्या हातात माईक दिला. "बोल गं दोन शब्द."

ऊर्मिला दोनच वाक्यं बोलली. "चर्चने निदान माफी मागितली. तुम्ही कधी मागणार?"

"कसली?" उल्हासरावांनी अगदी मनापासून विचारलं.

हॉलमध्ये सगळी आपल्यासारखीच माणसं होती. वाचणारी, हळवी, अन्यायाची चीड असलेली. प्रत्येकाने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. कुणालाच काही आठवलं नाही.

मग पानं वाढली.