द्वितीय श्रेणीचे पाळणाघर

सकाळी सव्वादहा वाजता वामनराव सामंत तळमजल्यावरच्या परबबाईंच्या बंद दाराला कान लावून उभे राहत. एका हातात घड्याळ, दुसऱ्या हातात पेन्सिल. आतला मुलांचा कालवा वाढू लागला की त्यांच्या भुवया वर चढत, आणि तो ओसरला की ते भिंतीला वही टेकवून एक आकडा लिहीत. या दृश्यावरून नाहूरच्या आमच्या सोसायटीत जेवढे तर्क झाले तेवढे सगळे चुकीचे होते. आज जे लोक सामंतांच्या गोष्टी रंगवून सांगतात, त्यांतले निम्मे तेव्हा जन्मले नव्हते आणि उरलेले त्या वेळी झोपलेले असत. मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. सामंतांच्या प्रत्येक तपासणीत रजिस्टर माझ्या हातात असे. तेव्हा या विषयावर बोलण्याचा अधिकार माझा एकट्याचा आहे आणि तो मी कोणाला देणार नाही.

सामंत कोणाचे चोरून ऐकत नव्हते. ते दाब मोजत होते. उभे आयुष्य त्यांनी सरकारी बॉयलर इन्स्पेक्टर म्हणून काढले होते आणि निवृत्तीनंतर तपासायला बॉयलर न उरल्यामुळे त्यांची नजर पाळणाघरांकडे वळली होती. "बंद खोली, आत उष्णता, वाढता दाब आणि सांभाळायला एक माणूस," ते मला म्हणाले, "फरक कुठे आहे तेवढा दाखवा."

ऐंशीच्या दशकाच्या आरंभीची ही गोष्ट. त्या काळी रेडिओलासुद्धा लायसन लागे. कुत्र्याच्या गळ्यात बिल्ला असे, लिफ्टचा दाखला काचेच्या चौकटीत टांगलेला असे. घरी मुले सांभाळणाऱ्या बाईला मात्र कसलाही कागद लागत नव्हता, आणि हे सामंतांना सहन होत नव्हते. "सेक्रेटरी, इस्त्रीवाल्याकडे शर्ट देताना आपण कॉलरवर खूण करतो," ते म्हणत. "मूल देताना काय करतो? टाटा करतो."

आम्ही दोघे एका सरकारी कचेरीत चौकशीला गेलो. पहिल्या खिडकीवरच्या कारकुनाने विचारले, मुलांना खायला देतात का. देतात म्हटल्यावर त्याने खाणावळीचा अर्ज पुढे केला. दुसऱ्याने विचारले, मुले झोपतात का, आणि लॉजचा अर्ज दिला. मुले गातात आणि नाचतात हे कळल्यावर तिसऱ्याने करमणुकीच्या कार्यक्रमाचा अर्ज काढला व पडदा कोण ओढतो याची चौकशी केली. चौथा माणूस सज्जन होता. मोठ्या कारखान्यात बाया कामाला असल्या तर तेथे पाळणाघर ठेवावेच लागते आणि त्याला नियम आहेत. बिल्डिंगमधल्या खोलीला काही नाही, असे त्याने सरळ सांगितले. त्या 'काही नाही'ने सामंत आठ दिवस जेवले नाहीत असे कोणी सांगतात. ते खोटे आहे. ते व्यवस्थित जेवले आणि त्यांनी नियम लिहायला घेतले.

नियमांत चार पायऱ्या होत्या. तात्पुरता परवाना : जेथे ठेवली तेथेच राहणारी मुले. तृतीय श्रेणी : रांगणारी. द्वितीय श्रेणी : चालणारी. प्रथम श्रेणी : प्रश्न विचारणारी. या शेवटच्या श्रेणीला पात्र अशी व्यक्ती पृथ्वीवर असेल असे त्यांना वाटत नव्हते, पण जागा राखून ठेवलेली बरी, असे ते म्हणाले. मूल एका अवस्थेतून दुसरीत गेले की त्याच दिवशी पालकांना लेखी कळवायचे, असे एक कलम होते. द्वितीय श्रेणीसाठी खोलीला बाहेर पडायचे दोन मार्ग हवेत, असे दुसरे होते, कारण बॉयलरच्या खोलीला ते लागतात. आमच्या बिल्डिंगमध्ये प्रत्येक घराला एकच दार होते, याचा विचार त्यांनी केला नाही. तो मीही केला नाही. परंतु मी केला नाही हे आजवर कोणी सिद्ध केलेले नाही.

मग परबबाईंची चाचणी झाली. बाई कणकवलीकडच्या, अंगाने किरकोळ आणि आवाजाने त्याहून किरकोळ. त्यांच्याकडे सहा मुले असत. बॉयलर नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाबावर तपासतात, म्हणून सामंतांनी इमारतीतून आणखी तीन मुले गोळा केली. "तपासा," बाई म्हणाल्या, "मी काय फुटूचंय नाय." आमचे चेअरमन कर्णिक अखेरपर्यंत सांगत राहिले की त्या दिवशी सामंत दहा मिनिटांत पळून गेले. कर्णिक त्या वेळी ऑफिसात होते. सामंत सव्वादोनपर्यंत तेथेच होते, कारण अकराव्या मिनिटाला एक मूल त्यांच्या मांडीवर झोपले आणि पेटलेला बॉयलर सोडून इन्स्पेक्टरने उठायचे नसते.

दार एकच असल्यामुळे बाईंना तृतीय श्रेणी मिळाली. दाखला टाइप केलेला होता आणि त्यावर सामंतांनी मुलुंडहून करून आणलेला गोल शिक्का होता. घात केला तो या शिक्क्याने. चौकोनी शिक्का असता तर लोकांनी विचारले असते की हा कोणाचा. गोल शिक्का म्हणजे सरकार, असे आमच्याकडे सर्वांनाच वाटते. शेजारच्या बिल्डिंगमधल्या आया विचारायला येऊ लागल्या. आणि परबबाईंच्या बरोबर डोक्यावर राहणाऱ्या, मुलांच्या आवाजाने गांजलेल्या कर्णिकांनी कमिटीत ठराव करून घेतला की श्रेणीबाहेरचे एक जरी मूल आढळले तर पाळणाघर बंद. सामंतांनी विरोध केला नाही. आपले नियम प्रथमच कोणीतरी मानले, याचा त्यांना अभिमान वाटला होता.

परिणाम असा झाला की आमच्या बिल्डिंगमधली मुले चालेनाशी झाली. दीड-दोन वर्षांची धडधाकट पोरे आया कडेवर घेऊन जिना उतरत. सामंतांची चाहूल लागली की परबबाई हलक्या आवाजात म्हणत, "बसा रे, सायब इलो," आणि खोलीतली सर्व प्रजा एकदम जमिनीवर बसे. सामंत रजिस्टर बघून समाधानाने मला सांगत की या भागातली मुले उशिरा चालतात, बहुधा पाणी जड असावे.

नव्या मुलांना मात्र ही शिस्त ठाऊक नव्हती. पमी गायकवाड तेरा महिन्यांची होती. तिची आई औषधांच्या एका कंपनीत पॅकिंगला होती. सकाळी सातला पमीला सोडी आणि संध्याकाळी साडेसहाला नेई. पाळणाघर बंद झाले असते तर तिची नोकरी गेली असती, आणि हे तिने कर्णिकांना दोनदा जाऊन सांगितले होते. त्या महिन्याच्या तपासणीला कर्णिक मुद्दाम रजा घेऊन खाली कंपाउंडमध्ये येऊन उभे राहिले.

आम्ही आत गेलो. मुले बसली. पमी खेळण्यांची पेटी धरून उभी होती, ती बसली नाही. तिने पेटीची कड सोडली, उजवा पाय उचलला, आणि एक, दोन, तीन, चार पावले टाकून सामंतांची पँट गुडघ्यापाशी पकडली.

मी रजिस्टर मिटले. परबबाई पुढे आल्या.

"सायब, दार बंद करूचा तर करा," त्या म्हणाल्या. "पण तिच्या आवशीक, गायकवाडबाईक, कळवू नकात. पयलाच पाऊल हा तिचा. आवस घरी बघीत. नऊ वर्सां झाली, हय किती पोरां चलली. मी एका आवशीक सांगूक नाय." मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "तुमच्या नातवान पण पयला पाऊल हयच टाकल्यान."

माझ्या नातवाचे पहिले पाऊल माझ्या घरात, माझ्या दिशेने पडले होते. त्या वर्षी मी साऱ्या बिल्डिंगला पेढे वाटले होते. या मुद्द्यावर मी आजही वाद घालणार नाही.

सामंत बराच वेळ पमीच्या मुठीकडे पाहत राहिले. मग ती मूठ त्यांनी हळूच सोडवली आणि ते खिडकीपाशी गेले. गंजलेले गज बदलायला नेल्यामुळे ती उघडीच होती. अडुसष्टाव्या वर्षी त्यांनी एक पाय बाहेर टाकला, मग दुसरा टाकला, आणि कर्णिकांच्या पुढ्यात कंपाउंडमध्ये उभे राहिले. सामंत खिडकीतून पडले, अशी जी कथा प्रचलित आहे ती कर्णिकांची आहे. सामंत पडले नाहीत. ते बाहेर पडले, आणि तेथूनच त्यांनी जाहीर केले की दुसरा मार्ग तपासला असून समाधानकारक आहे, सबब या पाळणाघराला द्वितीय श्रेणी देण्यात येत आहे. कर्णिक म्हणाले की हा वेडेपणा आहे. सामंत म्हणाले की कलम वाचा. शिक्का गोल होता. कर्णिक वर गेले.

आता पमीने चालायला हरकत नव्हती. मी रजिस्टर उघडून खिडकीतून त्यांच्या हातात दिले. नोकरीत एकही खोटा आकडा न लिहिलेल्या त्या माणसाने पमीच्या नावापुढे स्वच्छ अक्षरात लिहिले : 'रांगते.' मी खाली सही केली.

संध्याकाळी सातच्या सुमारास मी सामंतांच्या घरी बसलो होतो. बायको गेल्यापासून ते एकटेच राहत. मुलगा दिनकर दुबईला होता. पमीची आई धापा टाकीत दारात आली. हातात साखर होती.

"काका, पमी चालली. आत्ता. चपला पण काढल्या नव्हत्या मी."

सामंतांनी तिला बसवले. किती पावले, कोणाकडे आली, पडली का, हसली का, हे सर्व त्यांनी विचारले. तिने सांगितले, आणि त्यांनी ते पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगायला लावले. शेवटी विचारले, आधी कोणता पाय उचलला. ती जरा थांबली. "डावा," ती म्हणाली. "डावाच."

ती गेल्यावर ते काही वेळ साखर तळहातावर तशीच धरून बसले.

"दिनकर चालला तेव्हा मी साखर कारखान्याच्या तपासणीला गेलो होतो," ते म्हणाले. "बायकोने कार्ड टाकले. कोणत्या पायाने, ते लिहिले नव्हते. विचारायचे राहून गेले."

मग त्यांनी रजिस्टर ओढून लिहिले : 'चालते. आरंभ डाव्या पायाने.' सकाळी मी स्वतः पाहिले होते. पाय उजवा होता. मी त्यांच्या हातातून पेन घेतले आणि सही केली.